दिवे लागले आणि दिवस लांबला

गणपतीचे दिवस होते. आरतीला जमलेली मंडळी प्रसाद खाऊन गप्पा मारत बसली होती आणि विषय निघाला बारा तासांचा. कारखान्यातल्या कामाची रोजची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला राज्य मंत्रिमंडळाने त्याच आठवड्यात, सप्टेंबर २०२५ मध्ये, मंजुरी दिली होती. आमचे एक नातलग छोटा कारखाना चालवतात. ते म्हणाले, "अहो, आता काम मशीन करतं. माणसानं नुसतं उभं राहायचं. त्याला नऊ काय आणि बारा काय!"

शेजारी माझे थोरले मामा बसले होते. इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस. मागांच्या खडखडाटाने ऐकू कमी येतं, त्यामुळे हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी पाय लांब केले, पोटरीवरच्या फुगलेल्या शिरांवरून हात फिरवला आणि अजून एक मोदक मागितला.

तो सगळा आठवडा ते "नुसतं उभं राहायचं" डोक्यातून जाईना, कारण हे वाक्य मी आधी वाचलं होतं. शब्द वेगळे होते, पण युक्तिवाद हाच, आणि तो मुंबईच्या गिरण्यांच्या संदर्भात, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा. यंत्र आलं की कष्ट कमी होतात, कष्ट कमी झाले की तास वाढवायला हरकत नाही, आणि कामगार स्वखुशीने तयार असेल तर सरकारने मध्ये पडू नये. या तिन्ही गोष्टी मुंबईत करून झाल्या आहेत. त्यांचं काय झालं ते नोंदलेलं आहे. तरीही आपण त्यांच्याकडे नवा विचार म्हणून पाहतो, याचं मला नवल वाटतं.

कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. यंत्रं विलायतेची, कोळसाही बराचसा बाहेरचा, कापूस इथला आणि माणसं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांचा आकडा ऐंशीच्या आसपास गेला. लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळी भागात चिमण्यांचं रानच उभं राहिलं. हा इतिहास मराठी वाचकाला नवा नाही. मला बघायचं आहे ते एवढंच, की या गिरण्यांमध्ये दिवस किती लांब असावा हे कोण ठरवत होतं.

सुरुवातीला सूर्य ठरवत होता. उजाडलं की गिरणी सुरू, मावळलं की बंद. मुंबईत डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, म्हणजे कामगाराची पाळी ऋतूप्रमाणे ताणली-आखडली जायची. यात एक गंमत आहे. गिरणीतलं इंजिन वाफेचं होतं, ते रात्री चालायला तयार होतं. दिवस तोडत होता तो फक्त अंधार. तेलाच्या दिव्याच्या उजेडात तुटलेलं सूत दिसत नाही, आणि रुईच्या धुरळ्यात उघडी ज्योत म्हणजे आगीला निमंत्रण. कामगाराला घरी पाठवणारा एकच मुकादम होता, तो आकाशात होता, आणि त्याला दस्तुरी देऊन वळवता येत नव्हतं.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याच वर्षी गिरणीमालकांनी आपला संघही स्थापन केला. आयोगाचं बहुमत म्हणालं, कायद्याची गरज नाही. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी कामाच्या तासांवर मर्यादा घालणारं बिल इथल्या विधिमंडळात आणू पाहिलं, तर त्यांना परवानगी मिळाली नाही. शेवटी १८८१ चा कायदा झाला, तोही केवढा? १०० किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या कारखान्यांपुरता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या आणि धोकादायक यंत्रांना कठडे घालायचे. मोठ्या माणसांबद्दल, बायका असोत की पुरुष, तासांचा एक शब्द नाही. सात वर्षांच्या पोरासाठी नऊ तास ही तेव्हा सुधारणा होती!

या कायद्याला आपल्याकडून विरोध झाला, आणि हा भाग आपण शाळेत शिकवत नाही. 'मराठा'सारख्या पत्रांनी, बहुतेक सगळ्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी, कारखाना कायदा म्हणजे लँकेशायरचा, म्हणजे इंग्लंडातल्या गिरणीवाल्यांचा, डाव असं लिहिलं. इथल्या मजुराची कणव हे सोंग आहे, मँचेस्टरच्या कापडाला मुंबईची स्पर्धा खुपते म्हणून हे चाललंय, असा त्यांचा मुद्दा. हा मुद्दा खोटा मुळीच नव्हता. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी लंडनमध्ये या कायद्यासाठी खरोखरच जोर लावला होता, आणि सात वर्षांच्या मराठी पोराच्या प्रेमापोटी नक्कीच नव्हे. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात उठवा म्हणून तेच लोक ओरडत होते.

पण शेजाऱ्याने स्वार्थापोटी तुमच्या घराला आग लागल्याची आरोळी ठोकली, तर आग खोटी ठरत नाही. आमच्या देशभक्त संपादकांची गफलत इथे झाली. त्यांनी आरोळी ठोकणाऱ्याचा हेतू तपासला आणि धूर तपासलाच नाही. आज "तास वाढवले नाहीत तर गुंतवणूक शेजारच्या राज्यात जाईल" असं जेव्हा ऐकतो, तेव्हा मला ते अग्रलेख आठवतात. मुद्दा तेव्हाही स्पर्धेचाच होता. स्पर्धा कुणाच्या पाठीवर बसून करायची, हे सांगायला तेव्हाही कुणाला सवड नव्हती.

धूर तपासला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक समाजाचा कार्यकर्ता, स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला, १८८० पासून 'दीनबंधु' चालवणारा. १८८४ च्या सप्टेंबरात परळला त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. त्यातल्या मागण्या सावकाश वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अपंग झाला तर पोटापुरती सोय.

आता जरा गणित करा. साडेसहा ते सूर्यास्त, मध्ये अर्धा तास वजा. उन्हाळ्यात हे बारा तासांच्या आसपास येतं, थंडीत अकराच्या. म्हणजे साडेपाच हजार माणसांनी जमून, जेव्हा नोकरी जाण्याची भीती अंगठ्याच्या शाईइतकीच ओली होती तेव्हा, जे मागितलं ते बारा तास होते. ते त्यांचं स्वप्न होतं. ते आपली नवी मर्यादा आहे.

इथे कुणी मला अडवेल, आणि रास्त अडवेल. आताच्या दुरुस्तीत आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आहे, आणि कामगाराची लेखी संमती लागणार आहे. बरोबर आहे. १८८४ आणि २०२५ एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण त्याच दुरुस्तीत तिमाहीच्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली आहे आणि सलग पाच तासांनंतर मिळणारी विश्रांती सहा तासांनंतर आली आहे. राहता राहिली संमती. तिच्याकडे यायचंच आहे, पण आधी दिव्यांचं सांगतो.

१८९० मध्ये लोखंड्यांच्या कामगारांनी रविवार मिळवला. २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायांनी उभं राहून भाषणं केली, आणि १० जूनला मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. (या दोन बायांची नावं आपल्याला घोकून पाठ असायला हवी होती.) १८९१ च्या कायद्याने बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा आली, मुलांचं किमान वय नऊ झालं, आणि ५० माणसांच्या कारखान्यांनाही कायदा लागू झाला. पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. प्रौढ पुरुष स्वतंत्र आहे, त्याने किती तास राबायचं ते त्याचं तो ठरवील, ही त्यामागची भूमिका. शिवाय सूर्य होताच की पहाऱ्याला.

मग १९०५ च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे लागले. त्याच सुमारास बंगालच्या फाळणीने स्वदेशीची लाट उठली, देशी सुताला आणि कापडाला मागणी आली, आणि एका बटणाने सूर्याची नोकरी गेली. बऱ्याच गिरण्यांत पाळी तेरा, चौदा तासांवर गेली, काही ठिकाणी त्याहीवर. विजेच्या दिव्यासारखी सोज्ज्वळ वस्तू दुसरी सापडणार नाही. धूर नाही, आगीचं भय कमी, डोळ्यांना स्वच्छ उजेड. काम निश्चितच सुकर झालं असणार. आणि त्याच दिव्याने कामगाराची संध्याकाळ खाल्ली. त्या वर्षी कामगारांनी वाढलेल्या तासांविरुद्ध काम थांबवलं, काही ठिकाणी दगडही मारले. स्वदेशीचं धोतर नेसून मिरवणुकीत निघालेल्या किती जणांना ठाऊक असेल, की ते कोणाच्या चौदाव्या तासात विणलेलं होतं?

पुन्हा चौकशी, पुन्हा समिती, पुन्हा आयोग. आयोगापुढे मालकांनी मांडलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ते म्हणाले, हिंदी कामगार सलग काम करतच नाही. तो मधे विडी ओढायला बाहेर जातो, अंघोळ करतो, आवारात बसून जेवतो, रेंगाळतो. तेव्हा तास जास्त दिसले तरी खरं काम कमीच असतं. आमच्या नातलगांचं "नुसतं उभं राहायचं" ते हेच. कामगार थकला तर तो मुळात आळशी, आणि थकला नाही तर काम मुळात सोपं. दोन्हीकडून उत्तर एकच निघतं: तास वाढवा. आयोगाच्या बहुमताला पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा नकोच होती. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी वेगळं मत नोंदवलं. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषांच्या कामाला पहिल्यांदा कमाल मर्यादा घातली. किती? १२ तास.

त्यानंतरचा हिशेब पटकन सांगतो. १९२२ मध्ये दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये १० आणि ५४. १९४६ मध्ये ९ आणि ४८, तेच १९४८ च्या कारखाना कायद्यात आले. या प्रत्येक टप्प्याच्या मधल्या काळात यंत्रं सुधारली, वेग वाढला, सूत कातायच्या चात्या बदलल्या. पण या यादीत मला एकही टप्पा असा सापडत नाही, जिथे तास कमी झाले ते यंत्र सुधारलं म्हणून. ते कमी झाले ते संप, सभा, कायदा, आंतरराष्ट्रीय करार यांच्या रेट्याने. यंत्राने आपणहून वेळ वाढवून दिला, तो १९०५ मध्ये, आणि तो मालकाला.

यंत्राविरुद्ध माझं काही नाही. यंत्र आलं की नियम लिहायचा कागद कोरा होतो, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या कागदावर कोण आधी लिहितो ते बघायचं. नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. रिंग पद्धतीच्या चात्या त्यांनी १८८० च्या दशकातच वापरून पाहिल्या, खुद्द लँकेशायर जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून असताना. नवं यंत्र, त्याबरोबर खेळती हवा, पेन्शन फंड, अपघाताची भरपाई, आणि हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कितीतरी आधी. म्हणजे करता येत होतं. मात्र त्याच गिरणीत, सुरू झाली त्याच वर्षी, मजुरीच्या दरावरून संप झाला होता, हेही विसरू नये. चांगला मालक ही कामगाराच्या नशिबाची गोष्ट असते. कायदा नशिबावर नसावा म्हणून तर असतो.

कोऱ्या कागदावर समाज आधीच लिहून ठेवतो याचं सगळ्यात बोचरं उदाहरण धोट्याचं आहे.

मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. त्यात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. जुन्या धोट्यात हे काढायचा सोपा उपाय म्हणजे भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सुताचं टोक सुळकन तोंडात येतं. त्याबरोबर रुईचा भुगा, खळ, तेल, आणि आधीच्या विणकराची थुंकीही. एकेका पाळीत हे कितीतरी वेळा. एका साच्यावरचा (गिरणीत मागाला साचा म्हणत) धोटा दुसऱ्याच्या हातात जायचाच.

आणि म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगाराला साचाखात्यात प्रवेश नव्हता. उष्टं होतं ना! त्याने त्रासन खात्यात सूत कातावं, झाडलोट करावी, पण जिथे पगार चांगला त्या विणकामाच्या खात्याचं दार बंद. हे दार लावलं होतं ते बरोबरीच्या कामगारांनी, आणि मालकांनी ते तसंच राहू दिलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे पुढाऱ्यांपुढे ठेवला. दीड लाखांच्या घरात कामगार सहा महिने संपावर होते, दोनऐवजी तीन साचे एका विणकराने चालवायचे या सक्तीविरुद्ध. मागणी न्याय्यच होती. पण ज्याला एकही साचा मिळत नाही, त्याने तीन साच्यांविरुद्ध उपाशी का राहावं, या प्रश्नाला संपाच्या भाषेत उत्तर नव्हतं.

मला यात आणखी एक गोष्ट खटकते. तोंड न लावता हाताने सूत ओवता येईल असे धोटे तोपर्यंत निघालेले होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढायच्या धोट्यांवर १९११ मध्येच बंदी घातली होती, रोगराईच्या भीतीने. म्हणजे उपाय लाकडाच्या एका तुकड्याइतका स्वस्त होता. "आगगाडी आणि गिरणी जात मोडतील" असं आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटत होतं. आगगाडीचं मला ठाऊक नाही. गिरणीत मात्र विटाळाला नवं भोक मिळालं, दीड-दोन मिलिमीटरचं.

आता संमती.

लोखंड्यांच्या अर्जातली पगाराची मागणी पुन्हा पाहा: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरापर्यंत मिळावा. ही मागणी म्हणून करावी लागली, याचा अर्थ पगार त्याहूनही उशिरा होत असे. कामगाराने घाम गाळून कमावलेला दीड-दोन महिन्यांचा पैसा कायम मालकाकडे अडकलेला. सोडून गेलास तर तो बुडाला. खाडा झाला तर त्यातून कापला. तोवर खायचं काय? वाण्याकडे उधारी, पठाणाकडे कर्ज. नोकरी लावून देणारा जॉबर, कायम करणारा जॉबर, बदली कामगाराला आज आत घ्यायचं की फाटकावरून परत पाठवायचं हे ठरवणाराही जॉबर. अशा माणसाला आयोगासमोर उभं करून विचारायचं, "तुझ्यावर जुलूम होतो का? तू स्वखुशीने काम करतोस ना?" तो काय सांगणार होता?

प्रौढ माणूस स्वतंत्र आहे, हे कुणी नाकारत नाही. पण स्वातंत्र्याची परीक्षा 'हो' म्हणण्यात नसते, 'नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच फाटकातून आत जाता येतं का, यात असते. मामांना मी एकदा विचारलं होतं, बारा तासांची पाळी तुम्ही कबूल कधी केलीत? इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाची घडणच मागाभोवती झाली. मामा कामाला लागले तेव्हा पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात अशीच होती. कायद्यात आठ-नऊ तास होते, शेडमध्ये बारा. मजुरी मीटरवर, कापडाच्या पिकांप्रमाणे, म्हणजे आडव्या धाग्यांप्रमाणे. माग बंद तर मजुरी बंद. त्यामुळे जेवणसुद्धा मागांच्या ओळीत उभ्याने, एक डोळा कांडीवर ठेवून. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो. दारातूनच कानांवर भिंत कोसळल्यासारखा आवाज यायचा. आत सगळी माणसं खुणांनी बोलत. मामा माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवायचे: दोन मिनिटं थांब. ती दोन मिनिटं कधीच दोन नसायची, कारण सहा मागांपैकी कुठल्या ना कुठल्या मागावरची कांडी संपलेलीच असायची. ते सतत चालत असत, या टोकापासून त्या टोकाला. नुसते उभे राहिलेले मी त्यांना पाहिले नाहीत.

"कबूल कसलं?" मामा म्हणाले होते. "धाकटीच्या लग्नाला उचल घेतली होती."

यंत्रमागाच्या गावात उचल म्हणजे काय हे सांगायला लागत नाही. मालकाकडून एकरकमी घेतलेला पैसा, जो दर आठवड्याच्या मजुरीतून थोडा थोडा कापला जातो आणि फिटत आला की नवं आजारपण किंवा नवं लग्न येऊन पुन्हा वाढतो. उचल अंगावर असेतो दुसऱ्या मालकाकडे जायचं तर त्या नव्या मालकाने ती फेडावी लागते, म्हणजे माणूस एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. १८८४ मध्ये कामगाराचे पैसे मालकाकडे अडकलेले असत. मामांच्या वेळी मालकाचे पैसे कामगाराकडे अडकलेले होते. दोरी तीच, फक्त गाठ दुसऱ्या टोकाला.

मालकांची बाजूही मला ठाऊक आहे. खर्चीवाला यंत्रमागधारक, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा, स्वतःच व्यापाऱ्याच्या वहीत असतो. विजेचं बिल त्याला झोपू देत नाही. ओव्हरटाइम कायदेशीर झाला तर निदान दुप्पट दर कागदावर येईल, आज तर तोही येत नाही, असंही काही कामगार कार्यकर्ते सांगतात. कामगारांनाही जादा तास हवे असतात, हे खरंच आहे. पण का हवे असतात? आठ तासांत घर चालत नाही म्हणून. मग प्रश्न मजुरीचा झाला, तासांचा नव्हे. मजुरीच्या प्रश्नाला तासांचं उत्तर देणं म्हणजे भूक लागलेल्या माणसाला त्याचंच रक्त चांगल्या भावाने विकायची परवानगी देण्यासारखं आहे.

आणि कायदा लागू कुणाला होणार, हेही पाहावं लागेल. १८८१ मध्ये १०० माणसांचा कारखाना कायद्यात येत होता, १८९१ मध्ये ५० चा, १९२२ मध्ये २० चा, १९४८ मध्ये वीज वापरणारा १० चा. जाळ्याची भोकं दर खेपेला बारीक होत गेली. तरीही आमच्याकडे एकाच शेडची कागदावर तीन-तीन, चार-चार नावं असतात, प्रत्येक नावावर माणसं नऊच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी हा आकडा पुन्हा २० आहे. तासांची मर्यादा १९११ ची, माणसांची १९२२ ची. पुढे जाताना आपण पंचांग उलटं का चाळतो आहोत, हे कुणीतरी विधानसभेत विचारायला हवं.

संमतीच ठेवायची असेल, तर तिला थोडं वजन द्या. फॉर्म कारखान्यात नको, कामगार खात्याच्या कार्यालयात भरला जावा, मालकाच्या माणसाच्या गैरहजेरीत. ती संमती कुठल्याही दिवशी, कारण न देता मागे घेता यावी, आणि मागे घेतल्यावर तीन महिन्यांत कामावरून काढलं तर ते का काढलं हे मालकाने सिद्ध करावं. ज्याच्या अंगावर उचल आहे त्याची संमती धरूच नये. यात नवीन काही नाही. लोखंड्यांनी पगाराची तारीख मागितली ती याचसाठी.

दिवाळीत मामांकडे गेलो तेव्हा फोनवर बातमी काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. बारा तासांना ते काही बोलले नाहीत, त्यांना त्यात बातमी दिसलीच नसावी. 'कामगाराची लेखी संमती आवश्यक' हे मात्र त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. कानाचं यंत्र नीट बसवलं आणि विचारलं, "सही घेणार कधी रे? उचल देताना?"